विश्लेषण : ईश्वराचे गौरव प्रकट होणार म्हणजे नेमके काय? ख्रिस्ती श्रद्धेतील या आश्वासनाची अडीच हजार वर्षे वाट का पाहिली जाते?

नाताळाच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती उपासनेत ‘आगमनकाळ’ म्हणून पाळले जातात. अनेक चर्चमध्ये वेदीवर जांभळे वस्त्र चढते, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते आणि यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातली वाचने सुरू होतात. त्यात चाळिसावा अध्याय सर्वांत ओळखीचा. रानातून रस्ता काढा, दऱ्या भरा, डोंगर सपाट करा. मग परमेश्वराचे गौरव उघड होईल आणि ते साऱ्या माणसांना एकत्रच दिसेल, असा त्याचा आशय. ऐकायला हे उत्सवी वाटते. पण ज्यांना हे पहिल्यांदा सांगितले गेले ते युद्धात हरलेले, घरदार गमावलेले लोक होते आणि त्यांनी ऐकले तसे त्यांच्या हयातीत घडले नाही. तरीही हे आश्वासन टिकले. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

हे आश्वासन कोणाला दिले गेले?

इसवी सनपूर्व ५८७-८६ च्या सुमारास बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम जिंकले. शलमोनाने बांधलेले मंदिर जाळले, तटबंदी पाडली, राजा सिद्कीया याचे डोळे काढून त्याला बेड्या घालून नेले. समाजातले जाणते लोक, कारागीर, पुरोहित यांना शेकडो मैलांवर बॅबिलोनच्या कालव्यांकाठी वसवण्यात आले. जवळपास पन्नास वर्षे हे चालले. इसवी सनपूर्व ५३९ मध्ये पारसिक राजा सायरस, म्हणजे बायबलमधला कोरेश, याने बॅबिलोन घेतले आणि परतीची वाट मोकळी झाली. यशयाचा चाळिसावा अध्याय या निर्वासितांना उद्देशून आहे आणि त्याची सुरुवातच ‘धीर द्या’ अशा सुराची आहे.

यात एक अडचण आहे. यशया हा संदेष्टा त्याच्या दीड-दोनशे वर्षे आधी, इसवी सनपूर्व आठव्या शतकात होऊन गेला. त्याच्या काळचा शत्रू अश्शूर. चाळिसाव्या अध्यायापासून मात्र बॅबिलोन समोर येते आणि पुढे कोरेश राजाचे चक्क नाव येते. त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बहुतेक अभ्यासक मानतात की हा भाग निर्वासनात जगलेल्या एका अनाम संदेष्ट्याचा आहे. त्याला ते ‘दुसरा यशया’ म्हणतात. यशयानेच हे आधी पाहून लिहिले, असे मानणारी परंपरानिष्ठ मंडळीही आहेत. लेखक कोणीही असो, ऐकणारे निर्वासित होते यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

रस्त्याची प्रतिमाही तिथलीच. बॅबिलोनमध्ये इश्तार दरवाज्यातून जाणारा मिरवणुकीचा भव्य मार्ग होता. नववर्षाच्या उत्सवात त्यावरून मार्दुक देवाची मूर्ती वाजतगाजत जाई. मंत्र्यांचा दौरा ठरला की आपल्याकडे रातोरात डांबर पडते, त्यातलाच हा प्रकार. मोठा माणूस यायचा तर रस्ता गुळगुळीत हवा. संदेष्टा म्हणतो तो रस्ता मात्र राजधानीत नाही, वाळवंटात आहे, आणि त्यावरून देवाबरोबर चालणार आहेत ते हरलेले लोक.

‘गौरव’ या शब्दाचा अर्थ काय?

मूळ हिब्रू शब्द आहे ‘काबोद’. त्याच्या मुळाशी अर्थ आहे वजन, जडपणा. त्याच धातूपासून यकृताला ‘काबेद’ म्हणतात, कारण तो शरीरातला जड अवयव. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम गुरेढोरे आणि सोन्याचांदीने श्रीमंत होता हे सांगायलाही हाच ‘जड’ शब्द येतो. मराठी वाचकाला हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. आपण ‘वजनदार नेता’ म्हणतो, एखाद्याच्या ‘शब्दाला वजन आहे’ म्हणतो. आणि संस्कृतातून आलेला ‘गौरव’ हा शब्दही ‘गुरू’ म्हणजे जड यावरूनच झालेला आहे. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी ‘काबोद’साठी ‘गौरव’ निवडला तेव्हा इंग्रजी ‘ग्लोरी’पेक्षा ते मुळाच्या अधिक जवळ पोचले. (रोजच्या मराठीत आपण कुणाचा तरी गौरव करतो, तो पुल्लिंगी, बायबलच्या मराठीत ‘परमेश्वराचे गौरव’ असे नपुंसकलिंगी, संस्कृताप्रमाणे.) काही ठिकाणी ‘तेज’ आणि ‘महिमा’ हेही शब्द वापरले आहेत.

अलेक्झांड्रियातल्या ज्यू भाषांतरकारांनी इसवी सनपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत हे ग्रंथ ग्रीकमध्ये नेले, तेव्हा त्यांनी ‘दोक्सा’ हा शब्द घेतला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होता मत, किंवा लोकांत असलेले नाव. वजनाचा शब्द असा नावलौकिकाकडे आणि मग प्रकाशाकडे सरकला. आज गौरव म्हटले की डोळ्यापुढे तेजोवलय येते, त्यात या भाषांतराचा वाटा आहे.

दुसरा शब्द ‘प्रकट होणे’. हिब्रूमध्ये त्याचा धातू ‘गाला’. त्याचा एक अर्थ उघडे करणे आणि दुसरा, देशोधडीला लागणे. निर्वासनाचा शब्दही त्याच धातूचा. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात पलिष्टी लोक कराराचा कोश पळवून नेतात. त्या धक्क्याने एक बाई बाळंत होते आणि मरता मरता मुलाचे नाव ईखाबोद ठेवते. गौरव देशोधडीला लागले, असे त्याचे तिने दिलेले कारण. तिथे जे दोन शब्द येतात, तेच दोन धातू यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात पुन्हा एकत्र येतात, अर्थ मात्र उलटा. हेतू असो वा योगायोग, निर्वासित श्रोत्यांच्या कानाला ते जाणवले असणार, असे मला वाटते.

गौरव दिसते कसे?

जुन्या करारात ते बहुधा झाकलेलेच दिसते. मोशे देवाला म्हणतो, मला तुझे गौरव दाखव. उत्तर मिळते की माझा चेहरा पाहून माणूस जगणार नाही. मग त्याला खडकाच्या कपारीत उभे करून केवळ पाठमोरे दर्शन दिले जाते. निर्गमच्या शेवटी निवासमंडप ढगाने भरतो आणि मोशेलाच आत जाता येत नाही. शलमोनाच्या मंदिराच्या वेळी तेच घडते. पुरोहितांना सेवेला उभे राहता येत नाही.

यहेज्केल हा बॅबिलोनमध्ये नेलेला पुरोहित. त्याने जे सांगितले ते त्याच्या काळाला पचायला सर्वांत जड गेले असेल. त्याच्या दृष्टान्तात देवाचे गौरव मंदिराच्या उंबरठ्यावर येते, तिथून पूर्वेच्या दाराशी, मग शहराबाहेरच्या डोंगरावर. म्हणजे शत्रूने मंदिर जाळले तेव्हा ते आधीच रिकामे होते. पण याच यहेज्केलाला सर्वांत पहिला दृष्टान्त झाला तो बॅबिलोनमध्ये, कालव्याच्या काठी. चाके असलेले, चारी दिशांना फिरणारे सिंहासन त्याला दिसले. देव एका शहराला बांधलेला नाही, हा विचार इथे पक्का झाला. पुढे ते गौरव पूर्वेकडून परत येताना तो पाहतो.

मग आश्वासन पुरे झाले का?

लोक परतले, पण सगळे नाही. बरेच जण बॅबिलोनमध्येच राहिले. नवे मंदिर इसवी सनपूर्व ५१५ च्या सुमारास उभे राहिले. एज्राच्या पुस्तकात पाया घातला त्या दिवसाचे वर्णन आहे. तरुण आनंदाने ओरडत होते आणि पहिले मंदिर ज्यांनी पाहिले होते ते म्हातारे मोठ्याने रडत होते. हर्ष कोणता आणि रडणे कोणते हे कळत नव्हते. हाग्गय संदेष्ट्याला लोकांना समजवावे लागले की या मंदिराचे वैभव पहिल्यापेक्षा मोठे होईल. मात्र या मंदिरात ढग उतरल्याचे बायबल कुठेही सांगत नाही. दऱ्याही भरल्या नाहीत, आणि साऱ्या मानवजातीने काही पाहिले असेही नाही. देश पारसिकांचा प्रांत राहिला, नंतर ग्रीकांचा, मग रोमनांचा.

अशा वेळी दोन वाटा असतात. वचन खोटे ठरले म्हणायचे किंवा ते अजून यायचे आहे म्हणायचे. मृत समुद्राकाठी कुमरान इथे राहणाऱ्या ज्यू पंथाने दुसरी वाट घेतली. त्यांच्या नियमपुस्तिकेत यशयाच्या याच ओळींचा आधार घेऊन म्हटले आहे की रानात रस्ता तयार करायचा म्हणजे नियमशास्त्राचा अभ्यास करायचा. १९४७ मध्ये तिथल्या गुहांमधून यशयाची जवळपास संपूर्ण गुंडाळी मिळाली. सात मीटरहून लांब, चामड्याची, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची. चाळिसाव्या अध्यायात नकलकाराकडून मजकूर सुटला आहे आणि तो नंतर कुणीतरी ओळींच्या वर व समासात बारीक अक्षरात भरला आहे. गवत सुकते, फूल कोमेजते, पण देवाचा शब्द टिकतो, या आशयाचा तो भाग!

ख्रिस्ती लोक याचा संबंध येशूशी कसा जोडतात?

चारही शुभवर्तमाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची ओळख करून देताना यशयाचा हा अध्याय वापरतात. हिब्रूत वाक्याची ठेवण अशी की आवाज म्हणतो, रानात रस्ता करा. ग्रीक भाषांतरात ‘रानात’ हा शब्द आवाजाला जोडला गेला, आणि रानात ओरडणारा आवाज म्हणजे योहान असे समीकरण जुळले. मार्क आणि मत्तय रस्त्याच्या ओळीवरच थांबतात. लूक पुढे जातो. मात्र तो गौरवाचा उल्लेख गाळतो आणि सर्व माणसे देवाने केलेले तारण पाहतील, या ग्रीक पाठावर येतो. गौरव त्याने गव्हाणीच्या कथेत आधीच वापरलेले असते. रात्री मेंढरे राखणाऱ्या धनगरांभोवती ते चमकते. राजवाडा नाही, मंदिर नाही. समाजात पत नसलेल्या माणसांच्या पाळीवर.

योहानाचे शुभवर्तमान सर्वांत धीट विधान करते. शब्द देही झाला, आमच्यात राहिला आणि आम्ही त्याचे गौरव पाहिले, असा त्याचा दावा. ‘राहिला’साठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ तंबू ठोकला असा आहे. निर्गममधला निवासमंडप आठवावा म्हणूनच तो निवडलेला. मोशेला ज्याची केवळ पाठ दिसली ते आता एका सुताराच्या चेहऱ्यावर दिसते, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. पर्वतावर येशूचे रूप पालटल्याची कथा मत्तय, मार्क आणि लूक सांगतात. तिचा सण ६ ऑगस्टला असतो. योहान ती सांगतच नाही. त्याच्याकडे गौरवाची घटका म्हणजे क्रूस.

क्रूसावर कसले गौरव?

हा प्रश्न पहिल्या शतकातल्या कुणालाही पडला असता. रोमन साम्राज्यात क्रूस ही गुलाम आणि बंडखोरांची शिक्षा होती. सज्जनांनी जेवताना तिचे नाव काढू नये इतकी ओंगळ. तरी योहानाच्या लिखाणात येशू मरणाच्या आदल्या रात्री म्हणतो की आता माझे गौरव होण्याची वेळ आली. म्हणजे ज्या गोष्टीने अब्रू जाते तिथेच देव स्वतःला उघड करतो, असा हा उफराटा दावा आहे.

चर्चच्या इतिहासात तो वारंवार विसरला गेला, आणि वारंवार कुणीतरी आठवण करून दिली. १५१८ मध्ये हायडेलबर्ग इथे मार्टिन ल्यूथरने वादासाठी मांडलेल्या विधानांत ‘गौरवाचे धर्मशास्त्र’ आणि ‘क्रूसाचे धर्मशास्त्र’ असा भेद केला. पहिले देवाला सामर्थ्यात आणि यशात शोधते, दुसरे दुःखात. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास या ग्रीक साधूने वेगळ्याच अंगाने वाद घातला. पर्वतावर शिष्यांना दिसलेला प्रकाश निर्माण केलेला नव्हता, तो देवाचाच होता, आणि प्रार्थनेत आजही माणसाला तो दिसू शकतो, असे त्याचे म्हणणे. १३४१ आणि १३५१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदांनी ते उचलून धरले. पूर्वेकडील चर्चमध्ये तो आजही पायाभूत सिद्धान्त आहे.

विसाव्या शतकात एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये बेल्जियममधल्या लुव्हें इथल्या भाषणात, दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या आचार्याच्या एका सूत्राला वळण दिले. इरेनियसला जिवंत माणसात देवाचे गौरव दिसत होते. रोमेरोंनी माणसाच्या जागी गरीब हा शब्द घातला. पुढच्याच महिन्यात, २४ मार्चला, मिस्सा अर्पण करताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. २०१८ मध्ये त्यांना संत घोषित केले गेले.

सगळे झाले असेल तर ‘होणार’ का म्हणायचे?

कारण ख्रिस्ती शिकवणीनुसार ते अर्धेच झाले आहे. पौल रोमकरांना लिहिताना म्हणतो की आताची दुःखे पुढे प्रकट होणाऱ्या गौरवापुढे काहीच नाहीत, आणि सगळी सृष्टी प्रसूतीच्या कळा सोसावी तशी कण्हत आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो गौरवाच्या ‘भारा’बद्दल बोलतो, ग्रीकमध्ये लिहिताना त्याच्या मनातला हिब्रू वजनाचा अर्थ असा वर येतो. प्रकटीकरणाच्या शेवटी नवे नगर आहे. तिथे मंदिर नाही, सूर्य-चंद्राचीही गरज नाही, कारण देवाचे तेजच उजेड देते. येशूचे दुसरे आगमन आणि गौरवाचे उघड होणे या गोष्टी ख्रिस्ती मतात एकत्रच येतात.

ती तारीख काढण्याचा मोह अनेकांना झाला. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. विल्यम मिलर या शेतकरी प्रवचनकाराच्या अनुयायांनी दानीएलच्या पुस्तकातल्या आकड्यांवरून २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी शेतातले पीक उभेच ठेवले. दिवस उगवला, मावळला. इतिहासात त्याला ‘महानिराशा’ म्हणतात. बरेच जण पांगले, उरलेल्यांतल्या एका गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. पुण्यात औंध रस्त्यावर असलेली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच चर्चची. तारीख ठरवू नये, हा धडा या मंडळींनी स्वतःच घेतला. शुभवर्तमानांतही तो दिवस कुणाला माहीत नाही असे स्वच्छ सांगितले आहे. तरी तारखा काढणारे थांबलेले नाहीत.

हे वचन चर्चबाहेर कसे पोचले?

एक तर संगीतातून. जॉर्ज फ्रेडरिक हँडेलने १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अवघ्या २४ दिवसांत ‘मसीहा’ रचले. चार्ल्स जेनन्सने बायबलमधल्या ओळी निवडून त्याची संहिता केली होती. आरंभ यशया चाळीसने होतो आणि त्यातले पहिलेच समूहगान गौरव प्रकट होण्याचे आहे. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला, तो दानधर्मासाठी. त्या पैशातून दोन रुग्णालयांना मदत झाली आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ कैदी सुटले. यशयाच्या पहिल्या श्रोत्यांना, बंदिवासातून सुटलेल्या त्या लोकांना, हे पटले असते.

दुसरे म्हणजे राजकारणातून. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वप्नाच्या प्रसिद्ध भाषणात दऱ्या-डोंगरांच्या याच ओळी उच्चारल्या. सपाट होणारे डोंगर म्हणजे वर्णभेदाची उतरंड, हे तिथल्या कुणाला सांगावे लागले नाही. ‘सर्वांना एकत्र’ हा तपशील ज्या देशात बसमधल्या जागाही वेगळ्या होत्या, तिथे नुसता काव्यात्म राहत नाही.

मात्र सत्तेच्या हातात हाच शब्द वेगळे काम करतो. गोव्यात १५६० च्या दशकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली, तीही देवाच्या गौरवासाठीच. आणि त्याच साष्टीत, रायतूर इथे, १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, रोमन लिपीत. स्वर्गासाठी त्यात ‘वैकुंठ’ हा शब्द आहे. देवळे गेलेल्या लोकांना त्यांच्याच पुराणांच्या भाषेत नवी कथा सांगण्याचा हा प्रयत्न. त्याचे कौतुक करताना त्यामागची मोडतोड विसरता येत नाही.

पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी ‘सुबोध बायबल’ त्याच इच्छेने केले.

ज्यू हे वचन आजही वाचतात का?

वाचतात, आणि ते मुळात त्यांचेच आहे. मंदिरे पडल्याच्या स्मरणार्थ अव महिन्याच्या नवमीला, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, ज्यू उपवास करतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजात या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ असे नाव होते. त्यानंतर येणाऱ्या शनिवारी सिनेगॉगमध्ये यशयाचा हाच चाळिसावा अध्याय वाचला जातो. त्या शनिवारला नावही त्याच्या पहिल्या शब्दावरून पडले आहे : शब्बाथ नहमू, म्हणजे धीर देण्याचा शब्बाथ. तिथे योहान नाही, गव्हाण नाही, क्रूस नाही. गौरव यायचे आहे, एवढेच आहे.